'बरे नाही' म्हणण्याच्या तीन रीती : मराठी, कन्नड आणि कोरियन

१. विषयाची मर्यादा

परभाषा शिकविणाऱ्या पाठ्यपुस्तकांत आजारपणाचा पाठ बहुधा शेवटीशेवटी येतो. आधी नमस्कार, मग बाजार, मग प्रवास, आणि वर्ष संपत आले की 'वैद्याकडे' हा पाठ. जीवनातला क्रम मात्र असा नसतो. परमुलखात पोहोचलेल्या माणसाला दुसऱ्याच दिवशी ताप येऊ शकतो, आणि बाजारातली खरेदी जशी हातवाऱ्यांनी भागते तसे आजाराचे भागत नाही. वेदना दाखविता येत नाही, ती सांगावीच लागते. ऐकणाऱ्यानेही ती सांगणाऱ्याच्या शब्दावरच मान्य करावयाची असते. म्हणून 'मला बरे नाही' हे वाक्य भाषेच्या अभ्यासकाला वाटते त्याहून अधिक महत्त्वाचे आहे.

प्रस्तुत लेखात हे एकच वाक्य तीन भाषांत कसे घडते ते पाहावयाचे आहे. मराठी ही आपली भाषा, कन्नड ही शेजारची आणि कोरियन दूरची. ही निवड केवळ हौसेची नाही. मुंबईहून पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, तुमकूरवरून बेंगळूरला आणि तेथून चेन्नईला जाणारा महामार्ग डोळ्यांसमोर आणावा. पूर्वी त्याला चौथ्या क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग म्हणत, आज तो अठ्ठेचाळीसाव्या क्रमांकाचा भाग आहे. चेन्नईच्या अलीकडे श्रीपेरुंबुदूर परिसरात ह्युंदाई या कोरियन कंपनीच्या मोटारींचे उत्पादन १९९८ पासून होत आहे, आणि पुण्याजवळच्या तळेगावातला एक जुना मोटार-कारखाना घेण्याचा करार त्याच कंपनीने २०२३ मध्ये केला. या दोन टोकांच्या मध्ये, बेंगळूर शहरात शिरण्याच्या तोंडाशी, तुमकूर रस्त्यालगत पीण्या औद्योगिक क्षेत्र पसरले आहे. १९७० च्या दशकापासून वाढत गेलेल्या या वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग, विजेची उपकरणे, तयार कपडे अशा असंख्य वस्तू घडविणारे लहान-मध्यम कारखाने आहेत. तेथे कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी यांच्या जोडीने बेळगावकडची मराठीही कानी पडते. पुणे जिल्ह्यात रांजणगावला कोरियन कंपनीचा कारखाना आहे, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात माध्यमिक स्तरावर शिकविण्याजोग्या परकीय भाषांत कोरियनचे नाव आले आहे. तेव्हा कोरियन शिकू पाहणारा मराठी तरुण ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही.

अशा तरुणापुढे एक साधा प्रश्न आहे. आजारी पडल्यावर त्याने काय म्हणावे? आणि त्याच्या शेजारच्या यंत्रावरचा कानडी सोबती, किंवा यंत्र बसविण्यासाठी आलेला कोरियन तंत्रज्ञ, 'बरे नाही' असे म्हणतो तेव्हा त्याने नेमके काय ऐकावे?

कोरियन शब्द येथे देवनागरीत दिले आहेत. त्याविषयी तीन सूचना पुरेत. 'फ' हा ओठांना ओठ टेकवून, जुन्या मराठी 'फळ'मधल्याप्रमाणे उच्चारावा. 'च' व 'ज' हे 'चार' आणि 'जीव' यांतल्यासारखे तालव्य असावेत. 'आफुदा'सारख्या शब्दातील 'उ' म्हणताना ओठांचा चंबू करू नये, ते सैल व पसरट ठेवावेत, कारण या स्वराला आपल्याकडे चिन्ह नाही. सेजोंग राजाने १४४६ मध्ये जाहीर केलेल्या कोरियन लिपीत त्याच्यासाठी नुसती एक आडवी रेघ आहे.

२. आजारी माणूस कर्ता नसतो

मराठीतली वाक्ये आधी पाहू.

(अ) मला ताप आला. मला चक्कर येते. मला सर्दी झाली.
(आ) माझे डोके दुखते. माझे अंग मोडून आले.
(इ) माझ्या पोटात दुखते. छातीत कळ येते.
(ई) मला मळमळते.
(उ) मी आजारी आहे.

या पाचांपैकी शेवटच्या एकातच आजारी माणूस प्रथमेत आहे. पहिल्या प्रकारात तो 'मला' होऊन बाजूला सरतो आणि ताप हा वाक्याचा कर्ता होतो. दुसऱ्यात डोके हा कर्ता, माणूस केवळ त्याचा मालक. तिसऱ्यात अवयवही कर्ता राहत नाही, तो वेदनेचे स्थान होतो. चौथ्यात तर कर्ता शोधूनही सापडत नाही. आपल्या व्याकरणकारांनी 'मळमळते' हे क्रियापद 'उजाडते', 'सांजावते' यांच्या पंक्तीला बसवून त्यांना भावकर्तृक म्हटले आहे. या वर्गीकरणात एक मार्मिकता आहे. पहाट जशी कोणी करीत नाही, ती होते, तसेच मळमळणे. ते माणसाच्या अंगात उगवते.

कन्नडमध्येही हीच रीत दिसते. 'ननगे ज्वर बंदिदे' याचे शब्दशः मराठी 'मला ताप आला आहे' असेच होईल. 'ननगे' हे 'मला', आणि 'बंदिदे' हे 'आला आहे'. 'नेगडि आगिदे' म्हणजे 'सर्दी झाली आहे'. मराठीत ताप 'येतो' आणि सर्दी 'होते', तसेच कन्नडातही. चक्कर येण्याला मात्र तेथे 'तले सुत्तुत्तिदे', म्हणजे 'डोके फिरते आहे', असे म्हणतात. मराठी माणसाने हे शब्दशः घेतले तर घोटाळा होईल, कारण आपल्याकडे डोके फिरते ते संतापाने किंवा वेडाने.

हे साम्य योगायोगाचे नाही. अनुभव घेणारा माणूस चतुर्थीत ठेवण्याची लकब भारतातील आर्य आणि द्राविड अशा दोन्ही कुळांत पसरली आहे. मरे एमेनो यांनी १९५६ मध्ये भारत हे एक 'भाषिक क्षेत्र' असल्याचे प्रतिपादन केले, त्या क्षेत्राच्या ठळक खुणांत पुढील अभ्यासकांनी या लकबीची गणना केली. १९७१ मध्ये गंपर्झ आणि विल्सन या दोघांनी सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडच्या बोलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथील मराठी, कन्नड आणि उर्दू यांची वाक्यरचना पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेजाराने इतकी सारखी झाली आहे की, शब्दाजागी शब्द ठेवला की एका भाषेचे वाक्य दुसऱ्या भाषेत उतरते, असे त्यांना आढळले. त्या कुपवाडलाही पुढे औद्योगिक वसाहत आली. कुपवाडच्या गावकऱ्यांना जे साधावयास शतके लागली, ते पीण्यातल्या परप्रांतीय कामगाराला काही आठवड्यांत साधावे लागते, एवढाच काय तो फरक.

आता कोरियन. 'माझे डोके दुखते' याला कोरियनमध्ये 'मॉरिगा आफायो' म्हणतात. 'मॉरि' म्हणजे डोके, 'गा' हा प्रथमेचा प्रत्यय, 'आफायो' म्हणजे 'दुखते'. 'माझे' हा शब्द वाक्यात नाही, कारण आपले नसलेले डोके आपल्याला दुखत नाही. माणसाचा उल्लेख करायचाच असेल तर 'चॉनुन मॉरिगा आफायो' असे म्हणतात. 'चॉनुन' याचा अर्थ 'माझ्यापुरते म्हणाल तर'. म्हणजे येथे 'मला' नाही आणि 'माझे'ही नाही. माणूस हा विषय आहे, डोके हा कर्ता आहे, आणि दोघे एका क्रियापदाशी शेजारी शेजारी बसले आहेत. मराठी आणि कन्नड माणसाला चतुर्थीत नेऊन नम्र करतात, कोरियन त्याला मथळ्यात ठेवून वाक्यापासून अलग करते. वाट वेगळी असली तरी परिणाम एकच होतो. दुखणे ही माणसाने केलेली कृती नाही, ही गोष्ट तिन्ही भाषा व्याकरणातच नोंदवून ठेवतात.

मराठी विद्यार्थ्याला कोरियन वाक्य सोपे जाते ते पदक्रमामुळे. 'कालपासून पोट दुखते' याला 'ऑजेबुथॉ पेगा आफायो' म्हणतात. 'ऑजे' काल, 'बुथॉ' पासून, 'पे' पोट, मग क्रियापद. एकाही शब्दाची जागा हलवावी लागत नाही. नकार मात्र क्रियापदाच्या आधी येतो. 'मोमि आन जोआयो' म्हणजे 'शरीर नाही चांगले'. आपल्या 'बरे नाही'ला हेच सर्वांत जवळचे वाक्य आहे, आणि कन्नडच्या 'मै सरि इल्ल' या वाक्याशी ते शब्दाला शब्द जुळते.

३. अभावाची भाषा

या शेवटच्या तीन वाक्यांकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. 'बरे नाही', 'सरि इल्ल', 'आन जोआयो' ही तिन्ही नकारार्थी आहेत. आजाराचे नाव न घेता आरोग्य नाही एवढेच ती सांगतात.

बेंगळूरकडच्या कन्नडात याहून रूढ वाक्य आहे ते 'ननगे हुषारिल्ल'. नवख्या मराठी कानाला ते 'मी हुशार नाही' असे ऐकू येते आणि बोलणाऱ्याच्या विनयाचे कौतुक वाटते! शब्द एकच आहे. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ रोख सावध, शुद्धीवर असलेला असा होता. मराठीने त्यातून बुद्धीचा अर्थ काढला, कन्नडने प्रकृतीचा. तरीही जुन्या अर्थाचा धागा मराठीत अजून तुटलेला नाही. दमून आलेला माणूस चहा घेऊन 'जरा हुशारी वाटली' म्हणतो, तेव्हा तो कन्नडच्याच अर्थाने बोलत असतो. धारवाडकडे 'आराम इल्ल' म्हणतात. मराठीत आराम म्हणजे विश्रांती, पण आजाऱ्याविषयी 'आता आराम आहे' असे आपणही म्हणतो. दोन्ही भाषांनी एकाच फारसी पेटीतून शब्द उचलले आणि ते निरनिराळ्या कोनाड्यांत ठेवले.

नकाराची ही रीत आदराच्या ठिकाणी अधिकच उठून दिसते. कोरियनमध्ये वडीलधाऱ्या माणसाला बरे नसेल तर त्याच्याविषयी 'आफुदा' हे क्रियापद वापरणे उणेपणाचे मानतात. तेथे 'फ्यॉनछानुसेयो' असे म्हणावे लागते. हा शब्द 'सुखकर नसणे' या अर्थाच्या शब्दसमूहाचा संक्षेप होऊन बनला आहे, म्हणजे 'त्यांना स्वस्थ नाही' असे म्हणण्यासारखे झाले. मराठीतही आजीला 'बरे नाही' किंवा तिची 'प्रकृती ठीक नाही'. 'आजी आजारी पडली' हे चूक नाही, पण तिच्या समोर कोणी तसे म्हणत नाही.

मात्र आजीचे डोके दुखत असेल तर कोरियन पुन्हा 'आफुदा'कडेच वळते, आणि 'मॉरिगा आफुसेयो' असे म्हणते. त्यातला 'से' हा आदराचा प्रत्यय आहे. व्याकरणाने पाहिले तर कर्ता 'डोके' आहे. आदर मात्र डोक्याच्या मालकिणीला पोहोचतो. मराठीत असे होत नाही. 'आजोबा झोपले आहेत' यात आदर क्रियापदात आहे, पण 'आजोबांचे डोके दुखते' असे म्हणताना तो 'आजोबांचे' येथेच संपतो, 'डोके दुखतात' असे आपण म्हणणार नाही. माणूस कर्तेपदावरून उतरला की मराठी क्रियापद त्याला ओळखत नाही, कोरियन क्रियापद ओळखते. कोरियन शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने ही खूणगाठ बांधून ठेवावी, कारण नेमके येथेच त्याचा पाय घसरतो.

४. पाहुणा म्हणून आलेला रोग

अभावाच्या भाषेशेजारीच आगमनाची भाषा आहे. ताप 'येतो', सर्दी 'होते', ऊन 'लागते', जुलाब 'लागतात'. कोरियनमध्ये ताप 'निघतो', 'यॉरि नायो', जणू तो आतच होता आणि बाहेर पडला. खोकलाही तसाच 'निघतो'. पडशाच्या बाबतीत मात्र माणूस 'अडकतो' : 'कामगिए कॉल्ल्यॉस्सॉयो', म्हणजे 'पडशात अडकलो'. आकड्याला वस्तू अडकावी तसे हे क्रियापद आहे. आपले 'लागणे' त्याच्या जवळचे आहे, आणि 'लागण' हा शब्द त्यातूनच आला.

आगमनाच्या या भाषेचा कळस देवीच्या रोगात दिसतो. मराठीत 'देवी आल्या' म्हणत. रोग स्त्रीरूप, आणि क्रियापद आदरार्थी बहुवचनाचे. कन्नड प्रदेशात अंगावर उठणाऱ्या अशा रोगांना 'अम्म' म्हणत आले आहेत. कोरियात याच रोगाला 'मामा' म्हणत. हा राजघराण्यातील व्यक्तींना लावावयाचा सन्मानदर्शक शब्द होय. दुसरे नाव होते 'सोन्निम', म्हणजे पाहुणा. या पाहुण्याला मानाने निरोप देण्याचे विधीही तेथे होते. एकमेकांशी संबंध नसलेल्या या समाजांनी एका भीषण रोगाला एकाच युक्तीने संबोधिले. नाव घ्यायचे नाही, आणि घ्यावेच लागले तर मानाने घ्यायचे. कोरियात लसीकरणाचा आरंभ ची सॉग्यॉंग यांनी १८७९ मध्ये केला, आणि १९८० मध्ये हा रोग जगातून नाहीसा झाल्याची घोषणा झाली. रोग गेला, पण 'देवी काढणे' हा शब्दप्रयोग जुन्या पिढीच्या दंडावरच्या व्रणासारखा भाषेत राहिला.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. अशी साम्ये पाहून भाषांचे रक्ताचे नाते जोडण्याचा मोह होतो. होमर हल्बर्ट या अमेरिकन शिक्षकाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कोरियन आणि द्राविड भाषांचे तौलनिक व्याकरण लिहून त्यांचे नाते सुचविले होते. आजचे भाषाशास्त्र ते मान्य करीत नाही. कोरियन मूल आईला 'ऑम्मा' आणि बापाला 'आप्पा' म्हणते हे खरे, पण तान्ह्या ओठांना सोपे असलेले हे ध्वनी जगभर आढळतात. वेदनेने विव्हळणारा कोरियन 'आइगो' म्हणतो आणि मराठी माणूस 'आई गं' म्हणतो. कानाला हे दोन उद्गार सख्खे वाटतात, पण मराठी उद्गारात आई आहे, कोरियन उद्गारात ती नाही. ध्वनीचे साम्य फसवे असते. रचनेचे आणि कल्पनेचे साम्य अधिक बोलके असते, आणि त्याला समान वंशाची गरज नसते. माणसाचे शरीर सर्वत्र सारखे आहे, एवढे कारण पुरते.

५. पोटदुखीचे दोन अर्थ

त्याचा उत्तम पुरावा पोटदुखी हा आहे. मराठीत शेजाऱ्याचे बरे झालेले पाहून ज्याच्या 'पोटात दुखते' त्याला औषध नसते. कोरियन म्हण सांगते की चुलतभावाने जमीन घेतली की आपले पोट दुखू लागते, आणि 'पेगा आफायो' या वाक्याचा हा दुसरा अर्थ तेथे सर्वांना ठाऊक असतो. कन्नडमध्ये मत्सराला 'होट्टे उरि' किंवा 'होट्टेकिच्चु' म्हणतात, म्हणजे पोटातली आग. भाऊबंदकीची जमीन आणि मत्सराचे पोट या दोन गोष्टी सांगण्यासाठी मराठी वाचकाला कोरियन म्हणीवर टीप द्यावी लागत नाही!

असेच इतरही अवयवांचे आहे. त्रासदायक प्रकरणाला आपण 'डोकेदुखी' म्हणतो, कोरियन 'कोल्छि आफुदा' म्हणतात, अर्थ तोच. 'कासुमि आफुदा' म्हणजे छाती दुखणे, आणि मन विदीर्ण होणेही. दडपून ठेवलेल्या संतापाने छाती भरून येते, धग जाणवते, जीव घुसमटतो, अशा दुखण्याला कोरियात 'ह्वाप्यॉंग', म्हणजे अग्निरोग, असे नाव आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या १९९४ च्या रोगवर्गीकरणात संस्कृतिविशिष्ट व्याधींच्या यादीत त्याची नोंद झाली. मराठीत या व्याधीला स्वतंत्र नाव नाही, पण 'आतल्या आत जळणे' हा वाक्प्रचार आहे. जे एका भाषेत रोगाचे नाव होते, ते दुसरीत वाक्प्रचारातच राहते. वैद्याच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. नावाच्या दुखण्यावर उपचार मागता येतो, वाक्प्रचारावर फार तर सहानुभूती मिळते.

'मोमसाल' हा असाच शब्द आहे. अतिश्रमाने अंग ठणकते, थंडी वाजते, उभे राहवत नाही, त्या अवस्थेचे हे नाव. कोरियन कामगार 'मोमसारि नास्सॉयो' म्हणतो तेव्हा त्याने लक्षण आणि कारण दोन्ही एका शब्दात सांगितलेली असतात. आपल्याकडे 'अंग मोडून आले आहे', 'कसकस वाटते', 'कणकण आहे' असे म्हणतात. त्यात लक्षण येते, कारण येत नाही. कन्नडातला 'सुस्तु' हा शब्द थकवा सांगतो, श्रमाचा हिशेब सांगत नाही.

६. वेदनेचे नाद

वेदनेची जात सांगण्याच्या बाबतीत मात्र मराठी कोणापुढे उणी नाही. जखम ठणकते, गळू ठसठसते, भाजलेले चुरचुरते, घसा खवखवतो, छातीत जळजळते, डोके भणभणते, अंग तापाने फणफणते, पायाला झिणझिण्या येतात, दात शिवशिवतात. हे सगळे अनुकरणवाचक, बहुधा द्विरुक्त शब्द आहेत. विद्यार्थ्यांना ते शब्दसंपत्तीची शोभा म्हणून शिकविले जातात. खरे पाहता ते निदानाची साधने आहेत. ठणकणे आणि ठसठसणे यांतला फरक आजी जाणते, आणि जाणता डॉक्टरही विचारतो.

कोरियनमध्ये हेच भांडार तितकेच समृद्ध आहे. डोके 'चिक्कुन-जिक्कुन' करते, म्हणजे घण बसल्यासारखे दुखते. सुजलेला सांधा 'उक्सिन-उक्सिन' ठणकतो. कातडी 'ताक्कुम-ताक्कुम' चुरचुरते. काही टोचल्यासारखे झाले तर 'खोक-खोक'. तापाआधीची शिरशिरी 'उसुल-उसुल'. युरोपीय भाषांतून कोरियन शिकणाऱ्याला हे शब्द बालिश वाटण्याचा संभव असतो. मराठी विद्यार्थ्याला ते घरचे वाटतील, आणि वाटावेत. आपल्या भाषेचे जे सामर्थ्य शाळेतल्या निबंधात आपण वगळतो, तेच दुसऱ्या भाषेच्या दाराची किल्ली ठरते.

शब्दांच्या थरांतही असेच साम्य आहे. मराठीत 'डोके दुखणे' घरचे, 'शिरःशूल' संस्कृताचे, 'आजार' फारसीतून आलेला. कोरियनमध्ये 'मॉरिगा आफुदा' घरचे, पण औषधाच्या वेष्टनावर 'तुथोंग' हा चिनी धातूंचा शब्द असतो, पोटदुखीला 'पोकथोंग'. हॉ जुन या वैद्याचा १६१३ मध्ये मुद्रित झालेला विख्यात वैद्यकग्रंथ अभिजात चिनी भाषेत आहे, जसे आपले वैद्यक संस्कृतात राहिले. रुग्णाची भाषा एक आणि वैद्याची दुसरी, ही दरी दोन्ही समाजांना जुनी आहे.

७. प्रमाणपत्र आणि वाक्य

ही दरी पीण्यासारख्या ठिकाणी आर्थिक रूप घेते. १९४८ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या कामगार राज्य विमा योजनेत विमेदार कामगाराला आजारपणाच्या काळात मजुरीच्या ७० टक्के इतका भत्ता, वर्षाकाठी जास्तीत जास्त ९१ दिवस, मिळू शकतो. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. प्रमाणपत्रासाठी डॉक्टर लागतो, आणि डॉक्टरला सांगण्यासाठी वाक्य लागते. हाड मोडले असेल तर क्ष-किरण चित्र बोलते. कंबर, डोके, मळमळ, घेरी यांच्या बाबतीत बोलावे लागते ते कामगाराला. गावाकडे 'बरं नाही' एवढ्यावर घरचे माणूस कपाळाला हात लावून पाहते. कारखान्यात तेच शब्द कामचुकारपणाचे निमित्त ठरू शकतात. जी संदिग्धता घरी सभ्यता असते ती दारावरच्या मुकादमापुढे दुबळी ठरते.

कोरियन भाषेत याविषयी एक सूक्ष्म जाण आहे. स्वतःच्या थंडीविषयी 'छुवॉयो' म्हणता येते, पण दुसऱ्याला थंडी वाजत असेल तर 'छुवॉहेयो', म्हणजे 'थंडी वाजत असल्याचे त्याच्याकडे पाहून दिसते', असे म्हणावे लागते. 'आफुदा'पासूनही 'आफाहादा' असे रूप होते. दुसऱ्याची वेदना आपण जाणतो ती बाहेरून, आतून नव्हे, याची नोंद ही रूपे करतात. मराठीत 'त्याला दुखते' आणि 'मला दुखते' यांचे क्रियापद एकच आहे. म्हणूनच 'त्याला काही दुखत नाही, सोंग करतो' हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहजपणे निघते. दुसऱ्याला दुखत नाही हे आपल्याला कोठून कळले, असा प्रश्न मराठी व्याकरण विचारीत नाही. तो ऐकणाऱ्याच्या विवेकाने विचारावयाचा असतो.

८. समारोप आणि पाठ

या विवेचनातून तीन गोष्टी हाती येतात. पहिली, आजारी माणसाला कर्तेपदावरून दूर ठेवण्याची रीत मराठी व कन्नड यांना शेजाराने समान झाली आहे, आणि कोरियनने ती स्वतंत्र वाटेने साधली आहे. दुसरी, 'बरे नाही' हे अभावाचे विधान सौजन्याचे आहे, निदानाचे नाही, म्हणून परक्या ठिकाणी त्याला स्थळ, काळ आणि जात यांची जोड द्यावीच लागते. तिसरी, ही जोड देण्याची सामग्री मराठी बोलीत भरपूर आहे, ती ओशाळवाण्या मनाने दडवू नये.

कोरियन शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने आरंभी पुढील पाच वाक्ये पाठ करावीत. ती बाजाराच्या पाठाआधी शिकविली तर अधिक बरे.

मोमि आन जोआयो : बरे नाही.
ऑजेबुथॉ पेगा आफायो : कालपासून पोट दुखते.
यॉरि नायो : ताप आहे.
ऑजिरॉवॉयो : चक्कर येते.
प्यॉंगवॉने कागो सिफॉयो : मला इस्पितळात जायचे आहे.

शेवटच्या वाक्यात माणूस प्रथमच काही इच्छितो. तोपर्यंत सारे त्याच्या अंगावर आलेले असते.

आणि सहावे वाक्य ऐकणाऱ्यासाठी : 'ऑदिगा आफुसेयो?' म्हणजे 'कोठे दुखते आपल्याला?' कन्नडात कोणी 'हुषारिल्ल' म्हणाला तर 'एनागिदे?', 'काय झाले आहे?', असे विचारावे. मराठीत तर 'काय होतंय?' हा प्रश्न आपल्याला आईकडूनच मिळालेला आहे. आजाराचा पाठ बोलणाऱ्याइतकाच ऐकणाऱ्यालाही शिकावा लागतो, आणि पाठ्यपुस्तकांत हा अर्धा भाग बहुधा राहून जातो.